माझ्या बांधीतले भोक आणि तुझ्या आकाशातली दोन

केशोरी,
आश्विन वद्य तृतीया, शके १८७९

देवासमान भाचा केवलराम यास शालीकराममामाचा पाया पडून नमस्कार. (मी एकोणपन्नासचा, तू विशीतला, पण आपल्याकडे मामानेच भाच्याच्या पाया पडायचे, तेव्हा वाचताना पाय सरळ ठेव.) तुझ्या मामीचा गुडघा सोडला तर घरात कोणी कुरकुरत नाही. नागपूरच्या खानावळीत भात तरी बरा मिळतो ना?

कॉलेजात शिकलेले तू मला आवर्जून कळवलेस, ते पत्र मी तीनदा वाचले. मला समजले ते असे. एखादा थोर तारा विझला की स्वतःच्याच ओझ्याने आत कोसळतो, आणि मग त्यात गेलेला उजेडसुद्धा बाहेर येत नाही. म्हणजे ते भोक नव्हेच, ते ओझे आहे. दुसरे मात्र खरे भोक: इकडून शिरावे, तिकडे भलतीकडेच निघावे. पहिल्याला एकच तोंड, दुसऱ्याला दोन. दोन्ही अजून कागदावरच आहेत, कोणी पाहिलेली नाहीत, असेही तू लिहितोस. (न पाहिलेल्यावर विश्वास ठेवायला मला अडचण नाही. मी रोज पूजा करतो.)

आता माझे ऐक. धान लोंबीवर आले आणि माझ्या मोठ्या बांधीतले (तुमच्या पुस्तकात खाचर म्हणतात) पाणी रातोरात नाहीसे होऊ लागले. धुऱ्याच्या बांधापाशी खेकड्याचे एक बीळ सापडले. तीन टोपल्या माती टाकली, तीही पाण्याबरोबर आत गेली. शेजारी बिसरामची बांधी तर काठोकाठ भरलेली. मी देवळाच्या ओट्यावर पाच माणसांत तुझी दोन भोके समजावून सांगितली आणि म्हटले, माझे भोक दुसऱ्या जातीचे असून त्याचे दुसरे तोंड बिसरामच्या बांधीत आहे. बिसराम तिथेच बसला होता. म्हणाला, "काऊन बाप्पा, तुहं पानी पाताळात जाऊन रायलं तं मी काय करू? माह्या बांधीत निघालं तं दाखव."

दाखवायचे ठरले. सकाळच्या पूजेचे निर्माल्य, तुळस आणि झेंडू, मी देवाचे नाव घेऊन बिळात सोडले. मग आम्ही सहा जण बिसरामच्या बांधीत दुपारपर्यंत वाकून उभे राहिलो. जळवा लागल्या, झेंडू निघाला नाही. मी पाच जणांसमोर नारळ देऊन बिसरामची माफी मागितली आणि भोक पहिल्या जातीचे आहे, हे कबूल केले. बिसराम नारळ घेऊन म्हणाला, "शिकल्यासवरल्या भाच्याचा मामा व्हनं सोपं नाई, शालीक."

इथे थांबलो असतो तर बरे होते. पण ओट्यावर मी सांगून बसलो होतो की अशा भोकात उजेडही शिरला तर परत येत नाही. दुसऱ्या दिवशी बिसरामच्या बायकोने बिळापाशी दिवा लावून पाहिला. तो वाऱ्याने विझला. तेव्हापासून तिथे हळद-कुंकू आहे, काल कोणी तांबडा खणही ठेवला. आता त्यात माती टाकायला माझा हात धजत नाही, आणि बांधीला भेगा पडू लागल्या आहेत.

बाकी क्षेम. अभ्यास नीट कर.

तुझा,
शालीकराममामा

ता. क. झेंडू सापडला. बिसरामच्या बांधीत नाही, पलीकडे पळसांच्या मागे, तुझ्या आईला लग्नात आंदण दिलेल्या बांधीत. म्हणजे महिनाभर माझे पाणी तुझ्याकडे येत आहे. तुझे धान फार सुंदर आहे.

ता. क. दुसरे. भाच्याच्या धुऱ्याला मामाने कुदळ लावू नये, म्हणून तुझी बांधी बटईने, अर्ध्या वाट्यावर करणाऱ्या कवडूला तिकडचे तोंड बुजवायला सांगितले. तो म्हणतो, "मालकाची चिठ्ठी आना, मंग पाहू." धान आणखी पाच दिवस तग धरेल, टपालाला जाऊन-येऊन चार लागतात. तेव्हा आजच दोन ओळी लिहून टाक. कवडूला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवीन. म्हणून आकाशाबद्दल एक अक्षर लिहू नकोस, नाहीतर तोही तुझ्या बाजूने दिवा लावील.