इंजिन एका झटक्यात सुरू झालं

ठमे,

इंजिन उचलायला आणलेली वेल्डरकाकांची चेनपुली परत द्यायला चाललोय. ते गप्पा मारत बसवून घेतात, तेव्हा तू जेवून घे, माझ्यासाठी थांबू नकोस. तुझी निळी बादली जुन्या इंजिनातलं तेल काढायला घेतली. चिडू नकोस, नवी आणतो.

मागून चालत चालवायच्या आपल्या त्या जुन्या ट्रॅक्टरला नवं इंजिन बसवलं. नटबोल्टची भोकं जुळेनात, म्हणून काकांकडून मधे एक जाड पट्टी करून घेतली. तू भंगारात द्या म्हणाली होतीस. ऐकलं नाही, कबूल.

जुनं इंजिन एकट्याला कधी दाद द्यायचं नाही. मी दोरी ओढायची, तुझ्या आईने चोक धरायचा आणि मी ‘सोड’ म्हटलं की सोडायचा. ती नेहमी आधीच सोडायची आणि वर मलाच बोलायची. ती गेल्यापासून ट्रॅक्टर शेडमध्ये तसाच पडून होता.

नव्याला दुसरं माणूस लागत नाही. दोरी ओढली आणि सुरू झालं. तरी सवयीने मी ‘सोड’ म्हणालो, चांगलं मोठ्याने. वळून पाहिलं तर तिथे तुझी बादली. मग बंदच केलं.

उद्या तुला सुट्टी आहे. सकाळी दहा मिनिटं शेडमध्ये ये. काही धरायचं नाही, नुसती बाजूला उभी राहा. वर मलाच बोललीस तरी चालेल.

बाबा