एका शब्दाचे बावीस अर्थ

॥ श्री ॥
नांदेड, ३ फेब्रुवारी २०२५

ती. व्यंकटदादास शिरसाष्टांग नमस्कार.

दादा, रागावू नकोस. दहावीचे बाकीचे पेपर देईन, इंग्रजीला बसणार नाही. आपल्या गावच्या शाळेत गुरुजी एका शब्दाला एक अर्थ पाठ करून घ्यायचे. तसेच मी चारशे शब्द घोकले. काल लेकीने, पुनमने, मोबाईलवर ‘लाईन’ शब्द काढून दाखवला, तर त्याचे बावीस अर्थ! मी फक्त ‘रेघ’ घोकलेला. चारशेंचे किती होतील? हे म्हणतात, लेकीची पुस्तकं घेऊन बसतेस अन् वरण करपवतेस. दहावीशिवाय शाळेतली माझी मदतनिसाची जागा कायम होणार नाही, ठाऊक आहे. तरी नको.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी शिवगंगा

॥ श्री ॥
मुरुड, १० फेब्रुवारी

चि. शिवगंगा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र देवापुढं ठेवलं आणि दिवसभर कान उघडे ठेवले. सकाळी विहिरीवरची मोटार चालू करायला गेलो, तर लाईन गेलेली. रेशनला सरजाबाई लाईन सोडून पुढं घुसली अन् वर मलाच म्हणाली, लाईनीत उभी राहायला मी काय शाळकरी पोर हाय का. शिवशंकरची सृष्टी नर्सिंगला गेली, तर सगळे म्हणतात लाईनीला लागली. लिहू नये, पण लग्न ठरल्यावर अमृतराव एसटी स्टँडवर उभे राहून काय मारायचे, ते तुला ठाऊकच आहे.

यातला एकही अर्थ गावात कुणी घोकलेला नाही. शब्द एकटा येत नाही गं, मागचे-पुढचे सोबती घेऊन येतो. त्यांना विचारावं. आई विष्णुसहस्रनाम म्हणायची. एका देवाला हजार नावं चालतात, मग एका शब्दाला बावीस कामं का नसावीत? पेपरला जाऊन तर बस.

अमृतरावांना सांग, महिनाभर करपलेलं वरण गोड मानून घ्या. सगळे जपून रहा.
तुझा दादा

॥ श्री ॥
नांदेड, ३ मार्च

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

शनिवारी इंग्रजीचा पेपर झाला. हे गाडीवर सोडायला आले. म्हणाले, न्हाई जमलं तर लवकर ये, मी हितंच हाय. उताऱ्यात पाच शब्द अनोळखी निघाले. मग मागचं-पुढचं वाचत गेले. दोन उमगले, तीन नाही. तरी थांबले नाही. पास होईन का, देव जाणे.

शेवटची घंटा झाली, सगळ्या मुली उठल्या. मी पत्रलेखन लिहीतच होते. बाईंनी उत्तरपत्रिका हातातून ओढून घेतली. दादा, मला केवढा राग आला म्हणून सांगू!

वहिनींना नमस्कार. आशीर्वादाचा हात असाच राहू दे.
तुझी शिवगंगा