टपाली मत, पूर्ण विचारांती

२४ ऑक्टोबर २०१८, बुधवार
निवडणूक ड्यूटीचा आदेश आला. वीस नोव्हेंबरला बीरगांवच्या एका शाळेत, मतदान अधिकारी क्रमांक दोन. त्यामुळे माझं स्वतःचं मत चौबे कॉलोनीच्या बूथवर नाही, टपालाने. मतपत्रिका ट्रेनिंगमध्ये मिळेल, ती घरी आणता येते. अकरा डिसेंबरला सकाळी आठला मोजणी सुरू होईल, त्याआधी पोचली की झालं. लोक लायनीत उभे राहून अर्ध्या मिनिटात बटण दाबतात. मला जवळजवळ सात आठवडे आहेत.
संकल्प: मत देईपर्यंत न्यूज चॅनल बंद, पेपर बंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं राजकारण न उघडता डिलीट. फक्त उमेदवारांची शपथपत्रं आणि माझं डोकं.
राधिकाचं हे पहिलंच मत. तिला सांगितलं, कोणाचं ऐकू नकोस, माझंही नाही. विचार करून मत कसं देतात ते मी आधी देऊन दाखवतो. मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, ठीक है पापा, पहले आप डालो, फिर मैं.
हॉलमधल्या टीव्हीची केबल काढली.

२६ ऑक्टोबर
बाबांच्या खोलीतला टीव्ही राहून गेला होता. काढायला गेलो. बाबा म्हणाले, छत्तीस वर्षं रेल्वेत काढली, आता दोन बातम्या पाहून राहिलो तर तुले काहून त्रास? विचार तुले करायचा आहे, मले नाही.
मुद्दा बरोबर आहे. त्यांच्या मतावर माझा अधिकार नाही. टीव्ही राहू दिला. कानात कापूस घालीन.

६ नोव्हेंबर
उमेदवारांची अंतिम यादी लागली. दोन डझन नावं. सगळ्यांची शपथपत्रं छापून आणली. ऑफिसच्या प्रिंटरवर नाही, बाहेरून. तक्ता केला: शिक्षण, खटले, काम, बोलणं. प्रत्येकी पंचवीस, एकूण शंभर.
‘बोलणं’ हा रकाना भाषण न ऐकता कसा भरायचा, हे ठरायचं आहे. तूर्त सगळ्यांना साडेबारा.
अर्चना स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, उद्या दिवाळी आहे, अनारसे कोण तळणार, हे दोन डझन?

१० नोव्हेंबर
कापूस निरुपयोगी. बाबा आवाज वाढवतात. काल एका उमेदवाराचे चार गुण कापले. आज स्वतःला विचारलं, का कापले? तक्ता पुन्हा चाळला. शेवटी लक्षात आलं, भिंतीपलीकडची अँकर त्याचं नाव घेताना प्रत्येक वेळी हसते. चार गुण परत दिले. झालेल्या अन्यायापोटी दोन जास्त.

१४ नोव्हेंबर
ट्रेनिंग. मतपत्रिका मिळाली. पेनने खूण करायची, छोट्या पाकिटात बंद करायची. सोबतच्या घोषणापत्रावर राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करायची. मग दोन्ही मोठ्या पाकिटात. साधं आहे.
ऑफिसातल्या हरिदासने माझ्या शेजारीच गुडघ्यावर ठेवून खूण केली, तिथल्याच साहेबाची सही घेतली आणि पेटीत टाकून समोसा खायला गेला. एकूण चार मिनिटं. मी पत्रिका बॅगेत ठेवली तर म्हणाला, उदयभाऊ, मत देऊन राहिले का पोट्टीसाठी स्थळ पाहून राहिले?
त्याची कीव आली. बारा वर्षं एका टेबलावर बसतो आम्ही.

१८ नोव्हेंबर
दोघेजण एकसष्ट गुणांवर बरोबरीत. पुन्हा बेरीज केली. बरोबरीतच.
राधिकाने विचारलं, हुआ? म्हटलं, प्रक्रियेत आहे. म्हणाली, परसों तो मेरा भी है पापा. म्हटलं, तू तुझ्या वेळेवर दे, मी मागून येतो.

२० नोव्हेंबर, मंगळवार
मतदान. पहाटे सहापासून बूथवर. माझं काम बोटाला शाई लावणं आणि रजिस्टरमध्ये सही घेणं. कारखान्याची रात्रपाळी सुटलेले लोक तसेच आले, डोळे लाल, हातांना ग्रीस. सातशेच्या वर बोटं झाली. कमलाबाई नावाची एक म्हातारी शाई वाळेपर्यंत माझ्यासमोर बोट धरून उभी राहिली. मग विचारलं, तुमन वोट दे डारेव का, साहेब?
म्हटलं, आमचं टपालाने असतं. तिने मान हलवली. काय समजली कोण जाणे.
घरी आलो. राधिकाने बोट दाखवलं. कसं ठरवलंस विचारलं. म्हणाली, तीन उमेदवारांच्या ऑफिसात जाऊन एकच विचारलं, आमच्या कॉलेजची बस संध्याकाळी सहानंतर का नाही. एकाने उत्तर दिलं, दुसऱ्याने पाम्प्लेट, तिसऱ्याने चहा.
एवढ्यावर मत! असो. पहिलीच वेळ आहे तिची. मग तिने विचारलं, और आपका? जवळजवळ, म्हटलं.

२९ नोव्हेंबर
शहरात निवडणूक संपली. बॅनर उतरले. आता माझ्यावर कसलाही दबाव नाही. मत द्यायला यापेक्षा चांगला काळ नाही.
तक्ता तिसऱ्यांदा केला. आता कोणाबद्दलच काही वाटत नाही. राग नाही, आशा नाही. निष्पक्षपण यालाच म्हणत असावेत.
अर्चना म्हणाली, अहो, भाजीसुद्धा तुम्ही अशीच आणता. येईस्तोवर जेवणं झालेली असतात.

७ डिसेंबर, शुक्रवार, संध्या. ६
एक्झिट पोल. साडेपाचला बाबांनी आवाज एवढा वाढवला की कपाटातली भांडी वाजली. ऐकायचं नव्हतं. ऐकलं.
अवघड झालं आहे. लोकांनी कोणाला मत दिलं ते ऐकून मग मत देणारा या कॉलोनीत मी एकटाच असणार. माझा कल ज्याच्याकडे होता, त्याचाच पक्ष येतो आहे म्हणतात. म्हणजे आता त्याला दिलं, तर ते माझं मत की चॅनलचं? त्याचे पाच गुण कमी केले.

त्याच दिवशी, ७.३०
पण पाच गुण कमी केले तेही चॅनलमुळेच.

९ डिसेंबर, रविवार
खूण केली! सकाळी अंघोळ करून टेबलाशी बसलो आणि केली. कोणाला, ते इथेही लिहीत नाही; मत गुप्त असतं. पाकीट बंद. घोषणापत्रावर सहीही करून टाकली. मोकळं वगैरे वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.
राधिका दारात उभी होती. म्हणाली, डाल दिया? म्हटलं, उद्या जाईल. तिने टाळी दिली. बऱ्याच वर्षांनी.

१० डिसेंबर, सोमवार
ऑफिसात शर्मिष्ठा मॅडमकडे गेलो. आमच्या मजल्यावर राजपत्रित त्या एकट्याच. पेन उघडून म्हणाल्या, बताइए कहाँ. तेव्हा सांगावं लागलं की माझी सही कालच झाली आहे, घरी. छापील मजकूर म्हणतो ‘माझ्यासमोर’. त्या म्हणाल्या, उदयजी, बारह साल से देख रही हूँ आपके दस्तखत. म्हटलं, मॅडम, तुमच्या हातून खोटं व्हायला नको.
कोरं घोषणापत्र मिळवण्यात दिवस गेला. पाचला मिळालं. मॅडम गाडीत बसत होत्या. बॉनेटवर ठेवून मी सही केली, त्यांनी केली. हसत नव्हत्या.
पोस्ट बंद झालं होतं. हरकत नाही. उद्या स्वतः नेऊन देतो. साडेसातला तिथे.

११ डिसेंबर, मंगळवार
सात वीसलाच पोचलो मतमोजणी केंद्रावर. गेटवर शिपाई म्हणाला, पास नाही तर आत नाही. पाकीट दाखवलं. त्याने हात पुढे केला, दे दो साब, अंदर साहब को पकड़ा देता हूँ, अभी टाइम है.
मी विचारलं, मतपत्रिका स्वीकारायला तुम्ही अधिकृत आहात का? तो म्हणाला, अधिकृत क्या साब, दस कदम पे टेबल है. म्हटलं, लेखी काही? त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या गाडीला हात दाखवला. बाजूला उभा राहून विचार केला. मतपत्रिका अनधिकृत हाती देणं हा नियमभंग, न देणं हाही एका अर्थी कर्तव्यभंग. कोणता मोठा? निर्णय होत आला होता, तेवढ्यात आत लाऊडस्पीकर सुरू झाला. आठ वाजले होते.
स्कूटर काढून घरी आलो. पाकीट शर्टाच्या खिशात.
बाबांच्या खोलीतून राधिका ओरडली, पापा जल्दी आओ, पहले पोस्टल वाले ही गिनते हैं, आपका वाला चल रहा है अभी! बाबा म्हणाले, ये रे, आज तरी पाहा. तिने पलंगावर सरकून जागा केली. बसलो. दीड महिन्यानंतर टीव्ही. पडद्यावर एका नावापुढचा आकडा वाढला. तिने माझं मनगट धरलं, म्हणाली, देखो, बढ़ा! इसमें एक आपका है ना?
मी मान डोलावून म्हटलं, हव.