कार्ड कोणी बंद केलं

२ सप्टेंबर, मंगळवार

मावशीचं रेशनकार्ड बंद. दुकानदाराने मशीनवर अंगठा घेतला, लाल अक्षरं आली. "बंध छे, मासी." ती रिकामी पिशवी घेऊन तशीच आमच्या घरी आली.

धान्याचं एक वेळ निभेल. आम्ही दोन गल्ल्या सोडूनच राहतो, आई देईल. पण महिनाअखेरीस तिच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आणि ते फुकट व्हायचं तर कार्ड चालू हवं. उजव्याने तिला फक्त उजेड कळतो. साड्यांचे धागे कापून पोट भरणारी बाई. डावा गेला तर...

"मी जित्ती शे ना वं अजून?" मावशीने विचारलं. स्वतःच हसली. आई नाही हसली.

मी म्हटलं, घाबरू नको. नोटीस दिल्याशिवाय, तुझं म्हणणं ऐकल्याशिवाय असं बंद करता येत नाही. आमच्या कायद्याच्या अभ्यासातला अगदी पहिला धडा आहे हा.

आबा नुकतेच लूमवरून आले होते, कानात कापूस तसाच. "आमनी वकीलीण बोलनी," म्हणाले. लेकीची थट्टा होती. थोडा अभिमानही.

४ सप्टें., गुरु.

सुरतची रेशनिंग झोन कचेरी. पुरवठ्याचे अधिकारी चौहाणसाहेब, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. हाकलून देतील म्हणून उत्तरं पाठ करून गेले होते. त्यांनी खुर्ची दिली.

नंबर टाकला. बंद.
कोणी केलं? "सिस्टमे."
आदेशाची प्रत द्या. आदेश निघालेलाच नाही.
कारण?

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. कारणाच्या चौकटीत फक्त एक कोड. "एनो अर्थ मनेय खबर नथी, बेन."

मग तुम्ही चालू करा. तर म्हणाले, पूर्वी आमच्याकडे ती सोय होती. भ्रष्टाचार होतो म्हणून काढून घेतली.

बाहेर येऊन पायरीवर बसले. भांडायला गेले होते, आणि समोर भांडायला कोणी नव्हतं.

५ सप्टें.

एलएल.एम.चा प्रबंध उघडला. दुसऱ्या प्रकरणात मी लिहिलंय : 'अधिकाऱ्याच्या हातातला विवेकाधिकार जितका कमी, तितकी मनमानी कमी. यंत्र अर्जदाराचं आडनाव विचारत नाही.'

पूर्ण विश्वासाने लिहिलं होतं. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी एका कारकुनाने आबांना वर्षभर फिरवलं होतं. प्रत्येक खेप म्हणजे लूमवरची एक पाळी बुडाली. असा माणूस मधून गेला की सगळं ठीक होईल, असं वाटायचं.

माणूस गेला. मावशीचं कार्डही गेलं.

आज पुढे काही लिहवलं नाही.

९ सप्टें., मंगळ.

देसाईमॅडमना सगळं सांगितलं. माझ्या गाइड. त्यांना धक्का बसला नाही, याचाच मला धक्का.

म्हणाल्या, सध्या आपल्या विषयात सगळीकडे हीच चर्चा आहे. इतकी वर्षं कोर्ट विचारायचं, अधिकाऱ्याने डोकं वापरलं का, कारणं दिली का, शिक्षा चुकीच्या मानाने जास्त नाही ना. या सगळ्यात एक अधिकारी गृहीत धरलेला आहे. कोणीच डोकं वापरलं नसेल तर त्याला निर्णय म्हणायचं का? आणि निर्णयच नसेल तर आव्हान कशाला द्यायचं? काही अभ्यासक म्हणतात, निर्णयच नाही. काही म्हणतात, असं मानलं तर सरकार सुटलं.

मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

"मला वाटतं तू प्रकरण दुसरं नव्याने लिही."

मावशीचं काय, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

११ सप्टें., गुरु.

चौहाणसाहेबांचा फोन आला. त्यांनी गांधीनगरला ओळखीत विचारून कोडचा अर्थ काढला : 'कायमचे स्थलांतर'. मावशीने ऑगस्टमध्ये धुळे जिल्ह्यात धान्य उचललं, त्यावरून.

मावशीला विचारलं. हो म्हणाली, कानबाईच्या सणाला सासरच्या गावी गेली होती तेव्हा. तिच्या सासरच्या घराण्यात रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजतात, इतक्या पुरुषांच्या इतक्या सव्वा मुठी. काका गेल्यापासून मावशीच्या घरचं कोणी मोजण्यात नाही. मागच्या वर्षी तिची जाऊ म्हणाली, "तुना घरना दाना नही रोटमा, तरी खाय बाई." यंदा मावशीने गावातल्या रेशन दुकानात अंगठा दिला, आपल्या कार्डाचे गहू घेतले आणि सगळ्यांसमोर सुपात ओतले.

"कार्ड मनं, दाना मना. कोणी काही बोलनं नही," हे सांगताना तिचा चेहरा केवढा खुलला होता.

आणि त्यात बेकायदा काहीच नाही. देशात कुठेही धान्य घ्या, असं सरकारच सांगतं. त्याची पाटी दुकानाबाहेर लावलेली आहे. सवलत घेतली हाच तिच्याविरुद्धचा पुरावा.

तिला हे सांगितलं नाही. सांगितलं तर पुढच्या कानबाईला ती...

१६ सप्टें., मंगळ.

पुन्हा कचेरी. कार्ड चालू करा म्हणून मी दिलेल्या अर्जावर वरून उत्तर नाही. साहेबांना म्हटलं, निदान तुम्हाला काय माहीत आहे तेवढं तरी लिहून द्या.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. बाजूच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "साहेब, रहेवा दो ने." साहेबांनी ऐकलं नाही. अर्जाच्या प्रतीवर स्वतःच्या हाताने लिहिलं : बाई सुरतमध्येच राहतात, कार्ड बंद करण्याचा निर्णय मी घेतलेला नाही, कोणी घेतला हे मला माहीत नाही. खाली सही, शिक्का.

"आनाथी मासीनुं काम थशे ने?" त्यांनी मलाच विचारलं. अधिकारी मला विचारतोय. हो म्हटलं.

१८ सप्टें., गुरु.

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. हायकोर्टात याचिका करायची, त्यांच्या ओळखीचे वकील फी न घेता उभे राहतील, आणि ऑपरेशनची तारीख जवळ आहे म्हणून लगेच ऐकावं अशी विनंती करायची. कागद जोडायचा. चौहाणांना नावानिशी प्रतिवादी करायचं.

मी म्हटलं, त्यांनी तर मदत केली.

"म्हणूनच. यंत्राला नोटीस बजावता येत नाही. कोर्टाला उत्तर द्यायला एक माणूस लागतो, आणि आपल्याला एकच सापडलाय."

आणि हा कागद कोर्टात गेल्यावर वरचे त्यांना काय करतील?

मॅडम म्हणाल्या, चौकशी लागेल बहुतेक. निवृत्तीला किती राहिलंय त्यांच्या?

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

१९ सप्टें., शुक्र.

वकीलपत्र घेऊन आईबरोबर मावशीकडे. ती दारात बसून धागे कापत होती, साडी अगदी नाकापर्यंत धरून. कोर्टाचं, चौहाणसाहेबांचं सगळं सांगितलं. वाटलं, ऑपरेशनचं नाव काढल्यावर लगेच सही करेल.

तिने कात्री खाली ठेवली. "तो साहेब भला बोलना ना तुनासंगे?"
हो.
"त्याना घर कोण कोण शे?"
माहीत नाही.
"मंग त्याले काबर?"

मी समजावलं. खरा सवाल सरकारला आहे, त्यांचं फक्त नाव घालायचं, पद्धतच तशी आहे, त्याशिवाय कोर्ट पुढे जात नाही. एकही गोष्ट खोटी सांगत नव्हते.

मावशी म्हणाली, "मनं बी फक्त नावच व्हतं ना, त्या मशीनमा."

आत चहा टाकणारी आई दारापर्यंत आली.

मग मावशीने कागद मागितला, डोळ्याजवळ नेला, सहीची जागा बोटाने चाचपली आणि परत माझ्या हातात दिला. "तू शिकेल शे. तूच सांग, करू का?"

वकील उद्या दुपारी याचिका घेऊन अहमदाबादला, हायकोर्टाकडे, निघणार आहेत. ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी. मावशीला अजून हो किंवा नाही सांगितलेलं नाही. चौहाणसाहेबांचा नंबर काढून बसले आहे. त्यांना आधी विचारायचं, की नुसतं कळवायचं, हेच ठरत नाही.