वाचकच नव्हते म्हणे

४ जून १९७९
नोकरीचा पहिला दिवस! सायखेड्याहून सकाळच्या एसटीने आले. वाचनालय छान आहे, कपाटांना नवा रंग, खिडकीतून घाटावरचा वारा. कार्यवाह खांबेकरांनी चहा पाजला. शिपाई मंगळूने टेबल पुसून दिलं. काम सोपं: वर्षानुवर्षं कुणी नेली नाहीत ती पुस्तकं काढून रद्दीचे गठ्ठे बांधायचे. नव्यांना जागा हवी, असं खांबेकर म्हणाले. पटलं मला.

११ जून
दुपारी एक बाई आली, चिमणाबाई. विड्या वळते, रात्रीच्या वर्गात वाचायला शिकली. मंदिर सत्याग्रहात गेलेल्या बायकांच्या आठवणींचं पुस्तक मागत होती. खांबेकरांनी आधीच बजावलं होतं, हे कुणी मागितलं तर बाहेर गेलंय म्हणायचं. म्हटलं. ती आल्या पावली परत गेली.
संध्याकाळी तेच पुस्तक रद्दीत सापडलं. कोरं करकरीत. म्हणजे मागेल त्याला द्यायचं नाही, आणि मग कुणी नेत नाही म्हणून फेकायचं! माझी आत्या होती त्या सत्याग्रहात. डोकं भणभणलं.

१२ जून
खांबेकरांशी भांडले. असली पुस्तकं गावात भांडणं लावतात म्हणे. मी ते कपाटात परत ठेवलं आणि मंगळूला सांगितलं, चिमणाबाई आली की दे. त्याचा चेहरा उतरला. चिमणाबाई दिवाळीतच वारली, म्हणाला.

१४ जून
ती आली. भर दुपारी. "आलं का पुस्तक?"
कपाट उघडलं तर रिकामं. खांबेकरांनी आख्खी रांगच रद्दीत घातली होती. ती नुसती त्यांच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली.

१५ जून
खांबेकर खुर्चीत मेलेले. तोंडात पुस्तकांच्या पानांचे बोळे, पार घशापर्यंत. पोलीस म्हणतात, वेडाचा झटका.
मला वाईट वाटलं नाही. अजिबात नाही.

१६ जून
ती माझ्या टेबलाशी. मी रद्दीतून शोधून ठेवलेलं पुस्तक पुढे केलं. घेतलं नाही.
"बाहेर गेलंय, आसं तू बी म्हनली."
दार आपोआप लागलं. सगळे गठ्ठे सुटले —
"वाच. समदी वाच. मोठ्यानं."

वाचतेय. जीभ थांबत नाही — माझी राहिलीच नाही ती — हात तेवढा माझा, म्हणून हे — घशातून रक्त — पान संपलं की ती दुसरं — मंगळू बाहेरून हाका मारतोय, त्याला ओ द्यायला तोंड —