पदकाच्या कडेवरचं नाव

प्रिय दादा,

तुझं पत्र आणि बाबांचं पदक संग्रहालयात ठेवण्याचा अर्ज मिळाला. 'जाणकार म्हणून तुझ्या शब्दाला वजन आहे, फक्त सही कर,' असं लिहिलंस, वाचून बरं वाटलं. एके काळी भंगारातून जुन्या फौजी टोप्यांचे बिल्ले उचलून आणायचे, तेव्हा तूच मला 'भंगारमावशी' म्हणायचास!

तीस वर्षांत हात तयार झाला. साच्यात ओतलेला नकली बिल्ला बोटाला बुळबुळीत लागतो. ठशाखाली दाबलेल्या अस्सलाच्या रेघा बोटाला टोचतात. पदकाची तर कुंडलीच कडेवर असते: जवानाचा क्रमांक, हुद्दा, नाव. म्हणून तू पाठवलेलं बाबांचं शौर्यपदक हातात घेतल्यावर सवयीने आधी कडच पाहिली.

दादा, ती कड कानशीने घासलेली आहे. बाबांचं नाव हाताने कोरलंय, जरा तिरकंच. सरकारी ठशाची अक्षरं अशी नसतात. आडव्या उजेडात भिंगाखाली जुन्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे अजून दिसतात. माझीच चूक निघावी म्हणून चार दिवस पाहत होते. नाही निघाली. बाबा ज्या लढाईत होते, त्यात हे पदक अकरा जणांना मिळालं. यादीत बाबा नाहीत. ते तीन आकडे एकाच्याच क्रमांकात आहेत. तो आघाडीवर फोनच्या तारा जोडणारा जवान होता, परत आलाच नाही.

मग बाबांच्या पलटणीतल्या ड्रायव्हरकाकांना गाठलं. आधी म्हणाले, "मेलेल्या माणसाचं कशाला उकरतेस, पोरी?" मी हलले नाही. तेव्हा म्हणाले, "तुझ्या बापाने पलटणीला जेवू घातलं. बर्फात चूल विझू दिली नाही. पण गोळी एकही झाडली नाही."

त्या जवानाची मुलगी सापडली, निवृत्त नर्स आहे. वडील गेले तेव्हा चार महिन्यांची होती. घर बदलताना पदक गहाळ झालं. सरकारी कागद तेवढा तिने जपलाय. फोनवर तिने एकच विचारलं, "त्यावर बाबांचं नाव वाचता येतं का?" मी म्हटलं, "नाव नाही, तीन आकडे दिसतात." ती म्हणाली, "तेवढे पुरेत."

तेव्हा अर्जावर माझी सही होणार नाही. पण एवढंच असतं तर फोन केला असता. काका निघताना जे बोलले ते तू एकट्याने, शांतपणे वाचावंस म्हणून लिहितेय. शाळेत पोरं तुला 'आचाऱ्याचं पोर' म्हणून चिडवायची, तू आठवडाभर शाळेत गेला नाहीस, त्याच आठवड्यात बाबांनी जुन्या बाजारातून ते पदक आणलं. रविवारी अकरा वाजता मी त्या बाईंच्या दारात असेन. तू नाही आलास तरी पदक देऊनच येईन. पण ये. माझ्यावर वाटेल तेवढा चीड, बाबांवर चिडू नकोस, आणि पदक तुझ्या हाताने दे.

तुझीच, हट्टी
धाकटी

(सोबत बाईंचा पत्ता.)