एका घागरीचा दावा

तेगुसिगाल्पा,
२ फेब्रुवारी १९९४

ती. होर्तेन्सिया आत्यास,

निदियाचा सा. न. वि. वि. (यातले दोन 'वि.', म्हणजे विनंती विशेष, पत्राच्या शेवटी आहेत.)

चीज पोचलं. रोस्किया बिस्किटांचा मात्र भुगा पोचला. बसवाल्याला सांग, डबा सीटखाली ठेवत जा, त्यावर बसू नकोस.

कायद्याच्या वर्गात आता सामाजिक न्याय सुरू झाला आहे. आत्या, माझे डोळेच उघडले! परवा कॅथेड्रलच्या पायरीवर एक म्हातारा कुडकुडत बसला होता. मी धावत खोलीवर गेले, तू विणलेलं घोंगडं आणलं, त्याच्या अंगावर घातलं आणि ताठ मानेने निघून आले. दुसऱ्या दिवशी त्याने मला हाक मारून घोंगडं परत केलं. म्हणाला, पोरी, हे फार टोचतं, मऊ काही असेल तर बघ.

आता आमच्या मोफत सल्ला केंद्रात प्रत्येकाने एक खराखुरा अन्याय शोधून त्यावर दावा लिहायचा आहे. मला एखादा बडा जमीनदार मिळाला तर बहार येईल. तुझ्या ओळखीत कोणी जुलमी माणूस असेल तर लवकर कळव. हीच ती विनंती.

लोभ आहेच, तो वाटेत कुणाच्या बुडाखाली येऊ नये.

तुझी,
निदिया

---

लास चिल्कास,
१३ फेब्रुवारी

चि. निदियास अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

धपाटा घोंगड्याबद्दल. टोचतं काय! तुझा बाप तसल्याच घोंगड्यात लहानाचा मोठा झाला. देव त्याला शांती देवो, कधी अवाक्षर काढलं नाही.

जुलमी म्हणशील तर आपल्याकडे नवा पाद्रीच. प्रवचन सुरू करतो, संपवत नाही. बाकी सगळे बिचारे गरीब. अन्याय होतो तो माझ्यावर. पाणी समितीची अध्यक्ष झाले आणि गावाच्या शिव्यांची धनी झाले. परवा वरच्या एल फिलो वाडीतली तोमासा आली होती. म्हणे तुमचा पाइप आमच्या कुंपणाला घासून खाली जातो, आम्हाला एक तोटी बसवू द्या, बायका ओढ्यावरून घागरी वाहून मेल्या. मी स्पष्ट सांगितलं, आम्ही चर खणला तेव्हा तुम्ही कुठे होता? शिवाय वर तोटी बसली तर माझ्या मळ्यातली कॉफी कशात धुऊ? लाळेत? माणसं चांगली आहेत, माझी कॉफी तीच तोडतात, पण बोट दिलं की हात धरतात.

तू जमीनदार शोध. जेवत जा. लोभ करतेच, तू केस विंचरलेस तर आणखी करीन.

आत्या

---

तेगुसिगाल्पा,
६ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. या खेपेला नमस्कार जरा लांबूनच.

सोबतच्या दुसऱ्या पाकिटात सरकारी कागदावर एक नोटीस आहे. ती मी लिहिली आहे. आधी पाणी पी, मग उघड.

झालं असं. मी केंद्रात जमीनदाराची वाट बघत बसले होते, तर दारातून आली तोमासाबाई! बसच्या टपावर बसून आली होती. मला बघून तीच दचकली. आल्या पावली परत जाते म्हणाली. मी तिला बसवलं, कॉफी दिली आणि म्हटलं, बोला. ती बोलली. मी लिहीत गेले. दर वाक्यात तू होतीस.

रागावू नकोस. हे अध्यक्षांविरुद्ध आहे, आत्याविरुद्ध नाही. चीज संपत आलं आहे.

लोभ असावा, निदान नोटीस वाचेपर्यंत.

निदिया

---

लास चिल्कास,
१४ मार्च

विद्वान वकीलसाहेब निदियाबाई यांस,

आशीर्वाद. (अनेक नाहीत.)

नोटीस पोचली. बसवाल्याने भर चौकात माझ्या नावाचा पुकारा करून दिली. मी मनमानी करते असं तू एकाच पानात तीनदा लिहिलं आहेस. एकदा लिहिलं असतंस तरी ऐकू आलं असतं.

आता मला एक कायदा सांग. कॉफी त्या पाण्यात धुतली जाते. धुतली म्हणून तिला भाव येतो. त्या भावातून तुझी एकटीची खोली, तुझी पुस्तकं, आणि ज्या चपला घालून तू न्याय शोधत हिंडतेस त्या चपला येतात. मग आरोपी नंबर दोन कोण? तुझ्या सरांना विचारून कळव.

चीज पाठवलेलं नाही. लोभ समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब.

होर्तेन्सिया
(अध्यक्ष)

---

तेगुसिगाल्पा,
२४ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

सरांना विचारलं. ते म्हणाले, प्रश्न चोख आहे, तुझी आत्या वकील का झाली नाही?

आरोपी नंबर दोन मीच. हे वाचून तुला बरं वाटेल. लहानपणी तोंड धुताना मी तोटी उघडीच ठेवायची, आणि तोमासाबाईची मुलगी रेयना डोक्यावर घागर घेऊन कुंपणापलीकडून जायची. मी तिला हात करायची. तिला हात करता यायचा नाही. मला वाटायचं, शिष्ट आहे.

सर म्हणाले, जड जात असेल तर दावा दुसऱ्याला दे. मी नाही दिला. खरं सांगू? दुसऱ्या कुणाची आत्या असती तर मी किती जोरात लढले असते! जमीनदार मला तेवढ्यासाठीच हवा होता. तो आपल्या घरात जेवत नसतो.

दावा मागे घेत नाही. पण नोटिशीतले दोन 'मनमानी' मागे घेते. एक राहू दे.

लोभ तहकूब असला तरी व्याज चढत असेल अशी आशा.

निदिया

---

लास चिल्कास,
१० एप्रिल

चि. निदियास अनेक आशीर्वाद.

आडवी पडून लिहिते आहे. बसता येत नाही. अक्षर समजून घे.

बैठकीला अख्खं गाव लोटलं होतं. मी तुझी नोटीस वाचली आणि तिच्या चिंध्या केल्या. टाळ्यांवर टाळ्या. तिथेच जीभ घसरली. बोलून गेले की ओढा काही चंद्रावर नाही, एक घागर आणायला रडायचं कशाला. तोमासा उठली. आवाज न चढवता म्हणाली की अध्यक्षबाईंनी एकच घागर माझ्या अंगणात आणून द्यावी, आम्ही दावा सोडतो. आणि आपला पाद्री, ज्याला थोडक्यात बोलणं ठाऊक नाही, तो चटकन म्हणाला, मंजूर!

चुंबळ ठेवली, घागर घेतली, निघाले. मागे गावाची वरात. पहिल्या वळणापर्यंत मी राणी होते. दुसऱ्या वळणावर पाणी पाठीत उतरलं. तिसऱ्यावर पाय सरकला आणि मी दगडावर अशी आदळले की पाद्र्याने क्रूसाची खूण केली. घागर सोडली नाही. पण निदिया, त्या सबंध चढावर आपला पाइप माझ्या शेजारूनच जात होता. आत पाणी खळखळत खाली चाललेलं, आणि मी डोक्यावर पाणी घेऊन वर. माझा एवढा अपमान तुझ्या नोटिशीनेही केला नव्हता.

अंगणात पोचले तेव्हा अर्धी घागर उरली होती. छाती भात्यासारखी चाललेली, घसा कोरडा. कोणी काही म्हणायच्या आत मी घागर तोंडाला लावली आणि पार रिकामी करून खाली ठेवली.

कोणी हसलं नाही. तोमासाने घागरीत वाकून पाहिलं, ती उचलली आणि ओढ्याकडे उतरायला लागली. तिला चुलीवर ठेवायला पाणी हवं होतं. मी तिथे बसून तिची पाठ बघत राहिले.

तेव्हा लिहून घे, पुरावाच मी पिऊन टाकला. दावा हरले. वर तोटी बसली. आता एक दिवस पाणी त्यांना, एक दिवस आपल्याला. निम्मं गाव माझ्याशी बोलत नाही. त्यातल्या निम्म्यांचं न बोलणं बरंच आहे. येत्या हंगामात अर्धी कॉफी न धुताच विकावी लागेल, भाव पडेल. तुझी एकटीची खोली आता झेपायची नाही. हे सांगताना मला जड जातंय, पण आरोपी नंबर दोनला शिक्षा नको का?

चीज सोबत आहे. लोभ पूर्ववत चालू करण्याचा ठराव मी एकमताने मंजूर केला.

आत्या

---

तेगुसिगाल्पा,
५ मे

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. कंबर कशी आहे? मलम पाठवलं आहे. पोटात घ्यायचं नाही.

खोली सोडली. आता बाजाराच्या मागे आणखी तिघींबरोबर राहते आणि दुपारी टायपिंग करते. आनंदात आहे असं लिहिणार होते, पण खोटं कशाला. पहिल्या आठवड्यात रडले. ओनेलिया नावाची एक आहे, ती अशी घोरते की रडूही ऐकू येत नाही.

उन्हाळ्यामुळे इथे पाणी एक दिवसाआड येतं, तेही पहाटे थोडा वेळ. आधी उठते मी, म्हणून पिंप भरते मी, म्हणून पहिली अंघोळ माझी, डोक्यावरून, यथासांग. काल दारावर कागद चिकटवलेला. निदिया सगळं पाणी संपवते याबद्दल तक्रार. खाली तिघींच्या सह्या.

मी भडकले. तिघींना म्हटलं, भरताना तुम्ही कुठे होता? आत्या, आवाजसुद्धा तुझा लागला होता!

त्या वाट बघत उभ्या, की आता ही कायदा सांगणार. मला एक कलम आठवेना.

आज सगळ्यांत शेवटी अंघोळीला गेले. पिंपात दोन तांबे उरले होते, आणि ते मी साबण लावायच्या आधी ओतून बसले. आता डोक्याला फेस बांधून हे पत्र लिहिते आहे. बाहेर त्या तिघी खिदळताहेत. हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी माणसांत तोंड कसं दाखवायचं, तेवढं सविस्तर कळव. वर्गात हे शिकवत नाहीत.

लोभ असू दे, आणि जमलं तर एक बादली.

तुझी फेसाळलेली,
निदिया